पूजेतलं गेज

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. विमानाचे भाग बनवणारा माणूस म्हणजे गमतीजमती सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. गमती आहेत, त्या सांगतो. पण शेवटपर्यंत गोड राहील असं माझ्याकडे काही नाही. ज्यांना फराळाबरोबर कडू चालत नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही.

आमचं वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बांगलादेशची लढाई नुकतीच होऊन गेली होती. रिसोडच्या रस्त्याला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये भाऊसाहेबांनी वर्कशॉप टाकलं होतं. भाऊसाहेब इथल्याच देशमुखाच्या घरचे. पुण्याला शिकले, तिकडे एका कारखान्यात राहिले, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, दोन जुन्या लेथ मशीन ट्रकवर घालून गावाकडे परत आले. बरोबर एक मोठी ऑर्डरही आणली. विमानाच्या एका सरकारी कारखान्याला लागणारे बारके भाग बनवून द्यायचे. गावात लोक म्हणत, देशमुखाच्या पोराला उन्हाची बाधा झाली.

आम्ही बनवत होतो ते बुश. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळी ठोकलेली असते ना, जिच्यात आस फिरतो, तेच काम. फक्त हा बुश पितळेसारख्या धातूचा, अंगठ्यात बसेल एवढा, आणि तो जायचा विमानाच्या पोटाखालच्या दारांच्या बिजागरीत. विमान उडालं की चाकं पोटात जातात आणि ती दारं मिटतात. बुशाचं भोक लहान राहिलं तर त्यात पिन जात नाही, मोठं झालं तर पिन खडखडते. किती लहान आणि किती मोठं? डोक्याचा एक केस घ्या, त्याचे दहा उभे भाग करा, त्यातला एक भाग इकडे किंवा तिकडे. एवढीच मुभा.

हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी गेज असतं. पोलादाचा छोटा दांडा, दोन्ही टोकं तंतोतंत मापाला घासलेली. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं म्हणजे बुश पास. हे गेज कारखान्यानेच आम्हाला दिलेलं होतं आणि ते सांभाळायचं काम माझं होतं. मी तिथला तपासनीस. आयटीआय करून आलेला, इंझोरीच्या यशवंत वानखडे नावाचा, मिशी नुकती फुटलेला माणूस.

आता गंमत. रिसोडचे एक पाटील दाळमिलचा शाफ्ट घेऊन यायचे. त्यांना कोणीतरी सांगितलं, इथं विमान बनतं. ते शेडभर फिरले, मागच्या अंगणातही डोकावून आले, आणि मला म्हणाले, "कावून रे, इमान कुठं ठेवलं?" मी त्यांच्या तळहातावर बुश ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे इमान हाय? हे तं माह्या बायकोच्या जोडव्याएवढं हाय." मी सांगितलं, पाटील, हे विमानाचं जोडवंच समजा. त्यावर त्यांनी विचारलं, "मंग बाकीचं कवा बनवता?" पुढे प्रत्येक खेपेला ते हेच विचारत राहिले, आणि आम्ही दरवेळी सांगत राहिलो, बनून राह्यलं पाटील, बनून राह्यलं.

आमचं खरं भांडण मात्र उन्हाशी होतं. लोखंड तापलं की वाढतं, हे पुस्तकात सगळेच वाचतात. वाशिमच्या वैशाखात टिनाच्या शेडखाली ते वाचावं लागत नाही. हातात दोन मिनिटं धरलेला बुश तेवढ्यानेच फुगतो आणि नापासाचा पास होतो. मोठ्या कारखान्यात मोजमापाची खोली थंड ठेवलेली असते. आमच्याकडे पाण्याचा रांजण होता. रांजणाखाली ओली वाळू, त्या वाळूत पत्र्याचा डबा, आणि डब्यात बुश आणि गेज एकत्र ठेवायचे. दोघं सारखे गार झाले की मोजायचं, तेही सकाळी, ऊन चढायच्या आत. ही युक्ती माझी आणि पुंडलिकची.

पुंडलिक आमचा मुख्य टर्नर. लेथवर त्याचा डावा हात असा चालायचा की बघत बसावं. डावखुरा होता. वयाने माझ्याहून थोडा मोठा, कुणब्याच्या घरचा, तोंडाचा फाटका आणि मनाचा मोकळा, असं मी तेव्हा समजत होतो. जेवायला आम्ही एकत्र बसायचो. त्याच्या डब्यातला ठेचा मी संपवायचो आणि तो मला शिव्या द्यायचा. भाऊसाहेबही येता-जाता सांगायचे, "आपल्याकडे जातपात नाही, हां वानखडे." चहा एकाच किटलीतून यायचा. मी एवढ्यावर खूश होतो. आज लिहिताना माझाच मला राग येतो.

मग शिक्का आला. त्याचं नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. विमानाच्या भागावर तपासणाऱ्याचा शिक्का मारावा लागतो. बोटाएवढा पोलादी पंच, त्याच्या टोकाला एक नंबर. तो नंबर एकाच माणसाचा. मोठ्या कारखान्याचे साहेब आले, त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि तो पंच माझ्या हातात दिला. उद्या आकाशात काही झालं तर हा नंबर बघून तुला शोधत येतील, असं त्यांनी हिंदीतून बजावलं. शिक्का दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही आणि घरीही न्यायचा नाही. काम संपलं की गेजबरोबर कपाटात, कुलपात.

नापास झालेला एक बुश मी त्या दिवशी विचारून घरी नेला, त्यावर शिक्का मारून. माझा बाप इंझोरीला लोकांच्या वावरात मजुरी करायचा. त्याने तो ठसा बोटाने चाचपला. "हे तुह्यं नाव हाय?"

"नाव नाही बाबा. नंबर हाय. पण तो माह्याच एकट्याचा हाय."

"आन् हे इमानात जाते?"

"जाते."

"मंग तो इमान चालवनारा तुह्या भरवशावर बसते म्हन."

मी हो म्हटलं. तो बुश बापाने करगोट्यात ओवला आणि दुष्काळाच्या सालात खडी फोडायच्या कामावरही तो घालूनच जायचा. मुकादमापासून सगळ्यांना दाखवायचा. ज्या गावात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या गावात तो सांगत फिरला की माझ्या पोराने हात लावल्याशिवाय विमान उडत नाही. थोडं वाढवून सांगायचा, पण फार नाही.

आता दसरा. कोणत्याही वर्कशॉपमध्ये नवमीला हत्यारांची पूजा होते. मशीन धुऊन पुसून घेतात, झेंडूच्या माळा घालतात, हत्यारं पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. पुंडलिक हे सगळं फार मनापासून करायचा. आम्ही छप्पन साली धम्म घेतला. बाप मला बोटाला धरून नागपूरला घेऊन गेला होता. तेव्हापासून दसऱ्याला आमचं घरदार नागपूरला असतं, दीक्षाभूमीवर. त्यामुळे पूजेच्या दिवशी मी कधीच वर्कशॉपमध्ये नसायचो. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं.

त्या वर्षी नवमीच्या आधी पुंडलिक म्हणाला, "यशवंता, गेज काहाड. यंदा पाटावर मधोमध ठेवतो. आपली खरी लक्ष्मी तं थेच हाय."

मी म्हटलं, "लेथ पूज, ड्रिल पूज, हातोडे पूज. गेजले ओलं कुंकू लावू नको. पोलाद हाय, गंजून जाईन."

"एका दिवसानं काय होते?"

"याले होते. याले घामाच्या बोटानं होते."

एवढंच बोललो. यात काय वावगं होतं, हे मी इतकी वर्षं शोधतो आहे. पण संध्याकाळपर्यंत ते शेडभर वेगळंच होऊन फिरलं. वानखडे म्हणतो, कुंकू लावू नका. वानखडेला देव चालत नाही. भाऊसाहेबांनी मला बोलावलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं तुम्ही पाळा, वानखडे. आम्ही काही म्हणत नाही. पण इतरांच्या श्रद्धेत हात घालू नका."

"साहेब, मी श्रद्धेचं नाही, गंजाचं सांगून राह्यलो."

"मला सगळं कळतं," ते म्हणाले. "कपाटाची किल्ली ठेवून जा."

मालक किल्ली मागतो, आपण देतो. जाताना मी पुंडलिकला एवढंच सांगितलं की ठेवायचंच असलं तर आधी तेल चोपड आणि कुंकू कोरडं वाहा. तो मान डोलवून हो म्हणाला.

नागपूरहून परत आलो. भाऊसाहेबांकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं. गेज चमकत होतं. इतकं चमकत होतं की मी ते तसंच बाहेर नेलं, कारण गेजची चमक मंद असते. उजेडाकडे धरून पाहिलं तर भोकात जाणाऱ्या टोकावर बारीक बारीक रेघा आणि त्यांच्या खाली काळसर टिपके. काय झालं ते विचारावं लागलं नाही. पुंडलिकनेच हौसेने सांगितलं. गेज गव्हाच्या राशीत उभं केलं होतं, वरच्या टोकाला गंध-कुंकू. तेल लावलं असतं तर कुंकू चिकटलं नसतं, म्हणून लावलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं तर डाग पडलेले. "म्हून पॉलिश पेपरनं असं घासलं का तोंड दिसून राह्यलं पाह्य."

देवाच्या अंगावर डाग कसा ठेवायचा, म्हणून त्याने घासलं होतं. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण घासल्याने ते टोक बारीक झालं, आणि बारीक टोक लहान भोकातही जातं. म्हणजे आता आमचं गेज नापास बुशाला पास म्हणणार होतं.

मी भाऊसाहेबांना सांगितलं, हे गेज कारखान्याला परत पाठवावं लागेल, नवं येईपर्यंत काम थांबवावं लागेल. ते कारखान्याच्या तारखेवर अडून बसले. माल तयार होता, ट्रान्सपोर्टची गाडी ठरली होती.

"जातंय ना भोकात? मग मारा शिक्का."

"जाते म्हणूनच मारता येत नाही साहेब."

"पूजा केली म्हणून गेज बिघडलं, असंच ना तुमचं म्हणणं?"

"घासलं म्हणून बिघडलं."

"तेच ते." ते उठून उभे राहिले. "वानखडे, दोन-चार दिवस घरी जा. डोकं थंड करा."

मी घरी गेलो. शिक्का नियमाप्रमाणे कपाटात होता आणि किल्ली भाऊसाहेबांनी पुन्हा ठेवून घेतली होती. परत कामावर आलो तेव्हा माल गेलेला होता. पुंडलिक त्या दिवशी डबा घेऊन लेथजवळच बसला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सगळा माल परत आला. पिनाच आत जाईनात. त्याच्यामागून तेच साहेब आले, ज्यांनी मला शिक्का दिला होता. त्यांनी टेबलावर बुश ओतले, एक उचलला, आणि विचारलं, "यह नंबर किसका है?"

"माझा," मी म्हटलं. "पण हा ठसा मी मारला नाही."

मी एकेक बुश बघत होतो. माझा ठसा सरळ बसतो. हे सगळे एका बाजूला कललेले होते, पंच डाव्या हातातल्या हातोडीने मारला की कलतो तसे. मी पुंडलिककडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. मी साहेबांना म्हटलं, या माणसाला विचारा, हा ठसा कोणी मारला.

साहेबांनी विचारलं. पुंडलिक म्हणाला, "मले मालूम नाही, साहेब."

मी ठशाचा कल दाखवला, डाव्या हाताचं सांगितलं, घासलेलं गेज पुढे ठेवलं, माल गेला तेव्हा मी घरी होतो हेही सांगितलं. साहेबांनी भिंग लावून पाहिलंही. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "हो सकता है. लेकिन यह मैं रिपोर्ट में कैसे लिखूँ?"

तेवढ्यात भाऊसाहेब बोलले. त्यांचा आवाज अजून कानात आहे, कारण त्यात राग नव्हता, समजूतदारपणा होता. "साहेब, त्यांचं मन दुखावलेलं आहे. आमच्या पूजेवरून जरा वाद झाला होता. त्यांच्या समाजाचं थोडं वेगळं असतं. त्या भरात माणूस असं काहीबाही बोलतो."

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ओरडलो तिथेच हरलो, कारण ओरडणारा माणूस रागाच्या भरात असतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. साहेबांनी तो पंच हातात घेतला, पुंडलिककडे कानस मागितली आणि माझ्यासमोर त्याचा नंबर घासून सपाट केला. कानस पुंडलिकने दिली. कामाच्या हातानेच दिली, डाव्या.

गुन्हा नोंदवला नाही, पोलीस आले नाहीत. उलट साहेब जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, उमर पड़ी है. वर्कशॉपला नवं गेज आलं, अकोल्याहून नवा तपासनीस आला, ऑर्डर आणखी काही वर्षं चालली. मला भाऊसाहेबांनी काढलं नाही. लेथवर मदतनीस म्हणून राहा म्हणाले. पुंडलिकच्या लेथवर. मी त्याच दिवशी निघालो.

पुढची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत झाली, मंगरूळपीरला. चांगली नोकरी होती, पेन्शनीपर्यंत नेलं तिने. पण बसच्या स्प्रिंगच्या पाट्याला कोणी केसाचा दहावा भाग विचारत नाही. हातोडीने बसलं तर बसलं. हातात एक कला असते आणि ती वापरायची जागाच राहत नाही, त्याचं काय करतात हे मला कोणी शिकवलं नाही. रात्री जेवताना ताट हातात घेतलं की बोटं अजून त्याच्या काठाची जाडी मापतात.

बापाला मी खोटं सांगितलं की ऑर्डरच बंद पडली. त्याला कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. त्याने पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. बुश मात्र शेवटपर्यंत करगोट्यात होता. त्याच्याबरोबरच गेला.

इथेच थांबणार होतो. पण गेल्या वर्षी नवमीला नागपूरची गाडी धरायला वाशिमच्या स्टँडवर उभा होतो, तर मागून कोणीतरी हाक मारली, "यशवंता!" वळून पाहिलं, पुंडलिक. पाठीतून वाकलेला, दात गेलेले. गाडीला वेळ होता. त्याने हाताला धरून रिक्षात बसवलं आणि वर्कशॉपला नेलं. भाऊसाहेब जाऊन वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता तिथे मोटरपंपाचे भाग बनवतो. शेड तीच, टिनं नवी. पुंडलिकला काम होत नाही, पण पूजा अजून तोच मांडतो.

पाट मांडलेला होता. माळा, हातोडे, ड्रिल. मधोमध गव्हाची रास आणि राशीत उभं ते गेज. मी लगेच ओळखलं. कुंकवाचे थर बसून त्याचं टोक पार खडबडीत झालं होतं.

"हे अजून हाय?" मी विचारलं.

"हाय ना. थे तं कामातून गेलंच होतं. भाऊसाहेब म्हनाले, आता हेच ठेवत जा पूजेले. नव्या गेजले कोनी कुंकू लावाचं नाही. लावलं तं कामावरून काढून टाकीन म्हनाले." तो हसला. "तू म्हनत होता ना, गंजते म्हून."

"हे कधी म्हणाले?"

"तू गेला त्याच सालीच."

म्हणजे पहिल्याच वर्षी माझं बोलणं खरं धरून त्यांनी वर्कशॉपचा नियम केला होता. फक्त तो मला कळवायची कोणाला गरज वाटली नव्हती. पुंडलिक माझ्याकडे बघत उभा होता. त्याला आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं. त्याने दोनदा तोंड उघडलं, आणि शेवटी म्हणाला, "चहा घेशीन?"

माझी नजर गेजवर होती. एवढं घाण झालेलं गेज समोर दिसलं की तपासनिसाचा हात आपोआप पुढे होतो. खिशातला रुमाल काढून मी ते पुसायला वाकलो.

पुंडलिकने घाईने माझं मनगट धरलं. "राहू दे, यशवंता. मांडलेली पूजा हाय. तू हात नको लावू."

मी हात मागे घेतला. चहा घेतला, गाडी धरली. मांडलेल्या पूजेतलं हत्यार कोणीच हलवायचं नसतं, तो कोणालाही हेच म्हणाला असता, असं मी नागपूर येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.